गोवंड्यांच्या दोनशे चौदा क्लिप्स

शिरीष गोवंड्यांच्या घरी हळदीच्या बरणीवर 'हळद' असं लिहिलेलं आहे. यात विशेष काही नाही. पण त्याखाली बरणी उघडल्याची तारीख आहे, त्याखाली 'कोरड्या चमच्याने घ्यावी' आहे, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना आहे. घरातलं एकुलतं एक मूल, अनुया, सत्तावीस वर्षांची आहे आणि वेलिंग्टनला राहते. सूचनेचं पालन आपोआप होतं.

गोवंडे फार्मासिस्ट आहेत. दोन हजार तीन साली पुण्याहून ऑकलंडला आले. इथल्या परीक्षा पुन्हा देईपर्यंत चौदा महिने सुपरमार्केटात शेल्फं लावली, आणि त्या चौदा महिन्यांत आपल्या विभागातलं एकही दही मुदतीबाहेर गेलं नाही, हे ते अजून सांगतात. पुढे हेन्डरसन उपनगरातल्या एका फार्मसीत लागले, माउंट रॉस्किलला घर घेतलं, आणि तेव्हापासून त्यांच्या आयुष्यात कुठलीच वस्तू बिनलेबलाची राहिलेली नाही. बायको सुलेखा एकदा म्हणाली, "मला पण लाव एक. उघडल्याची तारीख घाल." गोवंड्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण तारीख त्यांना पाठ होती.

असा माणूस सिनेमा करायला का बसला, तर आईसाठी.

आशालताबाई सहा वर्षांपूर्वी मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. यंदा त्यांच्या हजार पौर्णिमा पूर्ण होणार होत्या. ऐंशी वर्षं आणि दहा महिने झाले की तो दिवस येतो, मग एक्याऐंशी दिवे लावून ओवाळायचं. आशालताबाईंना यात एक शंका होती. न्यूझीलंडमधला चंद्र उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर, तर इथे पाहिलेल्या सहा वर्षांच्या पौर्णिमा धरायच्या की नाहीत? गोवंड्यांनी दोन गुरुजींना फोन केला. एक म्हणाले धरा, दुसरे म्हणाले काही ठिकाणी धरतात. तेव्हा धरल्या.

खरी अडचण वेगळी होती. आशालताबाईंच्या डोळ्यांचा मधला भाग पुसत चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. "माणसाचे कान दिसतात," त्या सांगायच्या, "नाक कुठे जातं कळत नाही." दर महिन्याला हॉस्पिटलात डोळ्यात इंजेक्शन. उजवा गेल्यातच जमा होता. डावा किती दिवस, हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि गोवंडे स्वतः त्याच व्यवसायातले असल्यामुळे न सांगण्याचा अर्थ त्यांना कळत होता. पुण्याची वारी आता होणार नव्हती. बहीण, भाऊ, वहिनी, सगळी पंचाहत्तरीच्या पुढची. तीही इकडे येणार नव्हती. डावा डोळा आहे तोवर आईला आपली माणसं एकदा मोठ्या पडद्यावर, मोठ्या चेहऱ्याने दाखवायची, एवढं गोवंड्यांनी ठरवलं.

नातेवाइकांनी फोनवर चित्रीकरण करून पाठवलं. दोनशे चौदा क्लिप्स. गोवंड्यांनी दहा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्रॅम घेतला आणि तीन महिने दर रविवारी बसून बावीस मिनिटांचा सिनेमा जुळवला. चेहरे मोठे केले. प्रत्येकाखाली ठळक अक्षरात नाव टाकलं. आवाज मात्र सगळे बंद केले. कारण आवाजात काही अर्थ नव्हता. कुणाला कॅमेरा चालू आहे की नाही हे कळत नव्हतं, कुणाच्या मागे कुकर होता. त्या जागी त्यांनी सलग बासरी घातली. डोळ्यांसाठी केलेल्या सिनेमात कानाला एवढं पुरे होतं.

मग सिनेमा बाहेर काढायचं बटण दाबलं. कॉम्प्युटर त्र्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा त्र्याऐंशी. असं नऊ वेळा झालं. कार्यक्रम बारा दिवसांवर होता.

अनुया वेलिंग्टनला एका कंपनीत व्हिडिओ एडिटर आहे. दूध काढण्याच्या यंत्रांच्या जाहिराती करते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती अर्धं इंग्रजीत देते, आणि देवनागरी तिला जुन्या शिलालेखासारखी वाटते. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नो वरीज, बाबा. सेंड मी द प्रोजेक्ट. मी इथे फिनिश करते."

गोवंड्यांनी प्रोजेक्टची फाइल पाठवली. ती सेहेचाळीस केबींची होती. तीन महिन्यांचं काम इतक्या थोड्या जागेत मावलं याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी सुलेखाला बोलावून दाखवलं.

"मधुवंतीमावशी पण यातच?" सुलेखाने विचारलं.

"सगळे यातच."

"मावशी गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर पण मावत नव्हत्या."

अनुयाकडे फाइल उघडलीच नाही. तिचा प्रोग्रॅम वेगळा, गोवंड्यांचा वेगळा, आणि एकाची फाइल दुसरा ओळखत नव्हता. मग तिने मेनूतली एक जागा सांगितली, तिथून म्हणे दोन्ही प्रोग्रॅमना कळेल अशी मधली फाइल निघते. गोवंड्यांनी ती काढली. ती तिच्याकडे उघडली, आणि पडद्यावर बावीस मिनिटं नुसते लाल चौकोन आले.

"बाबा, देअर्स नथिंग हिअर."

"सगळं आहे. मी स्वतः घातलंय."

"नाही रे. यात व्हिडिओ नसतात. यात फक्त लिहिलेलं असतं की कुठली क्लिप घ्यायची, कुठून कुठपर्यंत, आणि कशाच्या नंतर. क्लिप्स वेगळ्या पाठवाव्या लागतात."

गोवंड्यांनी बोटांवर मोजलं: कुठली, किती, कशानंतर. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे हे प्रिस्क्रिप्शन आहे."

"उम्म. काइंड ऑफ."

"औषध बाटलीत. कागदावर नुसतं कुठलं आणि किती. आणि तुझी फार्मसी वेगळी, म्हणून तुला माझ्या डॉक्टरचं अक्षर लागत नव्हतं."

"शुअर, बाबा. औषध पाठव. हार्ड ड्राइव्हवर घाल आणि कुरिअर कर. आणि तुझा मूव्ही मी पाहिलाच नाहीये, सो एक रेफरन्स कॉपी पण पाठव, कशीही चालेल."

"ती त्र्याऐंशीला थांबते."

"राइट. मग राहू दे."

आतापर्यंत गोंधळ होता तो साधा होता. खरा पुढे झाला, तोही गोवंड्यांना सगळं नीट कळल्यामुळे. औषध तेच असेल तर लेबल बदलायला हरकत नाही, हे त्यांचं रोजचं काम. कंपनीचं खोकं येतं, त्यावर रोग्याचं नाव आणि मात्रा असलेलं आपलं लेबल लागतं, तेव्हा कुठे ते औषध काउंटरच्या पलीकडे जातं. आणि या क्लिप्सची नावं तर फोनने दिलेली: चार इंग्रजी अक्षरं, पुढे आकडे. असल्या बाटल्या दुसऱ्या फार्मसीला पाठवायच्या? लाज वाटली त्यांना. तीन संध्याकाळी बसून त्यांनी दोनशे चौदाही क्लिप्सना नवी नावं दिली, मराठीत. 'मधुवंतीमावशी, स्वयंपाकघर, सकाळ.' 'विमलमामी, कुकरसह.' 'श्रीनाथमामा, खोकला.' आधी मूळ जागी बदलली, मग ड्राइव्हवर घेतली, म्हणजे दोन्हीकडे एकसारखं.

लेबल बदललं की नोंद करायची, हीही शिस्त. एका वहीत रकाने आखले: जुनं नाव, नवं नाव, सही, दुसरी सही. फार्मसीत कडक बंधनातल्या औषधांना दुसऱ्या माणसाची सही लागते. इथे दुसरा माणूस सुलेखा होती.

"दोनशे चौदा सह्या?"

"तपासून कर."

"शिरीष, मी घराच्या कर्जावर सुद्धा सहाच केल्या होत्या."

पण केल्या. एके ठिकाणी तिने चूकही काढली. श्रीनाथमामांचा एक खोकला दोनदा नोंदला गेला होता.

ड्राइव्ह बुधवारी वेलिंग्टनला पोचली. कार्यक्रम शनिवारी. बुधवारी दुपारी गोवंडे काउंटरवर असताना फोन आला.

"बाबा, सगळं अजून रेड आहे."

"औषध पोचलं ना?"

"क्लिप्स आहेत. पण प्रोजेक्ट जुन्या नावाने शोधतोय, आणि इथे सगळी नावं..." ती थांबली. "बाबा, हे तू काय केलंस?"

गोवंड्यांनी सांगितलं. समोर एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभे होते. गोवंड्यांनी त्यांना बोटानेच थांबायला सांगितलं.

"ओके. तुझ्या कॉम्प्युटरवर जुनी नावं आहेत, राइट? तिथून परत पाठव."

"तिथेही बदलली. एकसारखं असावं म्हणून."

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आपला प्रोग्रॅम उघडला. तिथेही बावीस मिनिटं लाल चौकोन. मग त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. सिनेमा आता कुठेच नव्हता; सेहेचाळीस केबींचा एक कागद होता, आणि त्याला कुठलीच बाटली ओळखता येत नव्हती. पलीकडच्या खोलीत आई टीव्हीच्या अगदी कडेला, मान तिरकी करून बसली होती. तशी बसली की बातम्या देणाऱ्याचा खांदा दिसतो, असं तिचं म्हणणं.

"शिरीष, जमलं का रे ते?"

"जमतंय."

"जमतंय म्हणजे नाही."

सुलेखाने वही आणून समोर ठेवली. "यात जुनी नावं आहेत ना? माझ्या दोनशे चौदा सह्या काही शोभेसाठी नाहीत."

वही होती, पण अनुयाला नवी नावं वाचता येत नव्हती. तेव्हा गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही संध्याकाळी असं चाललं: अनुयाने क्लिप उघडायची, काय दिसतंय ते सांगायचं, गोवंड्यांनी वहीत तो माणूस शोधायचा आणि जुना नंबर वाचायचा, दोनदा, जसा ते डोस वाचतात तसा.

"ओल्ड लेडी. किचन. ग्रीन साडी."

"कोण आहे?"

"आय डोन्ट नो, बाबा. हीप्स ऑफ ओल्ड लेडीज आहेत."

"नाक कसं आहे?"

"आजीसारखं."

"मधुवंती. चार हजार चारशे एकाहत्तर. पुन्हा सांगतो, चार, चार, सात, एक."

"ओके. नेक्स्ट. मॅन. तो... तो फक्त खोकतोय."

"सकाळचा की संध्याकाळचा?"

शुक्रवारी सातच्या सुमारास शेवटचा लाल चौकोन गेला. दोनशे चौदापैकी दोनशे तेरा क्लिप्समधली माणसं ओळखू आली. एक हिरवा शर्ट घातलेला गृहस्थ उरला, त्याच्यापुढे वहीत खुद्द गोवंड्यांनीच 'अनोळखी' असं लिहिलं होतं, आणि खाली सुलेखाची सही होती.

"स्वीट अ‍ॅज," अनुया म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास. "रात्रीत अपलोड होईल. आणि बाबा, खाली एक लांब रेड स्ट्रिप होती, ती कशालाच मॅच होत नव्हती. डिलीट केली."

गोवंडे तेव्हा दिवे मोजत होते. माउंट रॉस्किलच्या ज्या हॉलमध्ये कार्यक्रम होता तिथे ज्योत लावायला मनाई. धूर झाला की घंटा वाजते आणि आगीचा बंब येतो. म्हणून एक्याऐंशी दिवे बॅटरीचे आणले होते. त्यांतले चार पेटत नव्हते. "ठीक," ते म्हणाले. "सत्त्याहत्तर."

शनिवारी सकाळी फाइल आली. बावीस मिनिटं, पूर्ण. ती पाहायला वेळ नव्हता. पेन ड्राइव्हवर घेतली आणि हॉल गाठला. साठेक माणसं आली होती. अनुया सकाळच्या विमानाने आली, दारात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढल्या आणि आजीच्या पाया पडली. ओवाळणं झालं, आणखी चार दिवे मधेच विझले, बटाटेवडे अर्धे संपले, आणि तीन वाजता दिवे बंद करून सिनेमा सुरू झाला. आशालताबाई पहिल्या रांगेत, खुर्ची जराशी वाकडी ठेवून.

पडद्यावर मधुवंतीमावशींचा भला मोठा चेहरा आला. खाली नाव नव्हतं. बासरी नव्हती. मावशी म्हणाल्या, "कुठे बघू? इथे? हा दिवा लागलाय तो चालू म्हणायचा का?"

गोवंडे जागेवरून उठले.

कापलेले तुकडे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जसेच्या तसे जातात. नावं जात नाहीत. आवाज बंद केलेला आहे, ही गोष्टही जात नाही. पलीकडे तो पुन्हा चालू होतो. आणि बासरी त्या दोनशे चौदांत नव्हतीच, ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्याच कोपऱ्यात राहिली होती; तिची लाल पट्टी अनुयाने काढून टाकली होती. सिनेमा आधी कसा होता हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिला वाटलं, माणसं बोलतात तो सिनेमाच.

"मी काय बोलू आता," पडद्यावर मावशी कुणाला तरी विचारत होत्या. "आशाला विचार म्हणावं, माझा सोऱ्या कुठे आहे. एक्याण्णवच्या दिवाळीला नेलास, त्यानंतर आमच्या घरी चकली झालेली नाही."

आशालताबाईंनी पडद्याकडे मान फिरवली, आणि मग, तिथे काहीच दिसत नसल्यासारखी, परत खाली घातली. त्या आता ऐकत होत्या.

"मधू," त्या म्हणाल्या. "नेला नव्हता. तूच दिलास."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. गोवंडे वाकून लॅपटॉपवर आवाजाची खूण शोधत होते. दोन ठिकाणी होती, आणि दोन्ही दाबून काहीच होत नव्हतं. मग आवाज एकदम कमी झाला.

"शिरीष," आशालताबाई वळल्याही नाहीत. "आवाजाला हात लावू नकोस."

"आई, हे असं नव्हतं. यात बासरी होती."

"बासरी नंतर. मधूला बोलू दे."

"आई, तुला चेहरा दिसतोय का तिचा?"

"नाही. कान दिसतायत. तू आवाज वाढव."

गोवंड्यांनी वाढवला. तीन महिने खपून मोठे केलेले चेहरे पडद्यावर एकापाठोपाठ येत होते आणि ज्यांच्यासाठी ते होते त्या बाई मांडीकडे बघत होत्या. पुढे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, एक, दोन, तीन, चार. "विमल," आशालताबाई म्हणाल्या. "तरी गॅस बारीक करायची नाही." मग अर्धं मिनिट नुसता खोकला आला, त्यावर त्यांचे डोळे भरले. "श्रीनाथ. काढा घे म्हणावं. आयुष्यात माझं ऐकलं नाही." पडद्यावरचे श्रीनाथमामा म्हणाले, "चालू आहे होय? मग आधी सांगा ना," आणि त्या मोठ्याने हसल्या, इतक्या की सुलेखाने पाण्याचा पेला पुढे केला.

हिरवा शर्ट आला. सगळ्या हॉलने गोवंड्यांकडे पाहिलं. नाव सांगायला पडद्यावर काही नव्हतं आणि वहीत 'अनोळखी' होतं. गृहस्थ म्हणाले, "भरलेला आत ठेवला, मॅडम."

"सिलिंडरवाला," आशालताबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं तोच आहे."

बावीस मिनिटांच्या सिनेमाला पन्नास लागली, कारण त्या मधेच थांबवून मागे न्यायला लावत होत्या. शेवटी दिवे लागले. अनुया आजीच्या शेजारी जमिनीवर बसली होती. "आजी," तिने विचारलं, आणि चक्क नुसत्या मराठीत, "तुला ते सगळे लोक... दिसले?"

"नाही ग. भेटले."

घरी परतताना गाडीत गोवंडे म्हणाले की सोमवारी ते बासरी परत घालून नावंही टाकतील, मूळ होता तसा करतील. मागच्या सीटवरून आशालताबाई म्हणाल्या, "घाल. पण वेगळा ठेव. माझा हा." गोवंड्यांनी बराच वेळ विचार केला. आपला सिनेमा जमला की बिघडला, हे त्यांना ठरवता येईना. सिग्नलला त्यांनी सुलेखाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझी सही चालेल दोन्हीवर."

रविवारी पेन ड्राइव्हवर लेबल लागलं: आशालता गोवंडे. दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर. आवाज कमी करू नये.

त्याच दुपारी आशालताबाईंनी पुण्याला फोन लावून सोऱ्याचं भांडण जिथे राहिलं होतं तिथून पुढे सुरू केलं. पाऊण तास चाललं. मधुवंतीमावशी म्हणत होत्या नेलास, या म्हणत होत्या दिलास. शेवटी आशालताबाईंनी फोनवर हात ठेवून सुलेखाला हाक मारली. "सुलेखा, सोऱ्या काढ बरं. पुण्याहून आणला तेव्हा शिरीषने त्यावर काहीतरी लिहून ठेवलंय. सगळ्यावर लिहितो तो. वाचून दाखव हिला, म्हणजे मिटेल एकदाचं."

सुलेखाने वरच्या कपाटातून पितळी सोऱ्या काढला, लेबल वाचलं, आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. अक्षर गोवंड्यांचंच होतं, सहा वर्षांपूर्वीचं, ठळक आणि सुवाच्य. पहिल्या ओळीत 'सोऱ्या'. दुसऱ्या ओळीत 'मधुवंतीमावशीचा, परत द्यायचा'.

"काय लिहिलंय रे?" आशालताबाईंनी विचारलं. फोनमधून मावशीही विचारत होत्या.

गोवंड्यांनी आयुष्यात कुठलंही लेबल अर्धवट वाचलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तिसरी ओळ वाचली.

"कोरड्या जागी ठेवावा."